वापरण्यापूर्वी बाटली हलवा

गेल्या महिन्यात पित्ताने चांगलंच छळलं. डॉक्टरांनी पांढऱ्या औषधाची बाटली लिहून दिली, जेवणानंतर दोन चमचे. पहिले चार दिवस मी ते नेमाने घेतलं आणि फरक शून्य. औषधाला नावं ठेवून झाली, मनातल्या मनात डॉक्टरांनाही ठेवून झाली. मग हळूहळू जळजळ थांबली. बाटली संपत आली तेव्हा मात्र औषध चमच्यात पडेचना. उजेडात धरून पाहिलं तर तळाशी बोटभर जाड, खडूच्या लगद्यासारखा थर बसला होता. तो चमच्याच्या दांडीने खरवडता खरवडता बाटलीवरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली: वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा.

म्हणजे सुरुवातीला मी जवळपास नुसतं गोडसर पाणी पीत होते आणि शेवटी शेवटी दोन-दोन डोस एकदम. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. म्हणूनच ही गोष्ट घरात अजून कुणाला सांगितलेली नाही.

शाळेत व्याख्या पाठ केली होती. ज्या मिश्रणाचं संघटन सगळीकडे सारखं असतं ते समांगी, ज्याचं ठिकठिकाणी वेगळं असतं ते विषमांगी. खाली दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे मिठाचं पाणी, हवा, पितळ. उजवीकडे वाळू आणि पाणी, तेल आणि पाणी, लोखंडाचा कीस आणि गंधक. 'फरक स्पष्ट करा' म्हटलं की हात आपोआप चालायचा. तक्ता इतका पक्का बसला की त्याच्यामागे काही प्रश्न असू शकतो हे सुचलंच नाही. आज बाटलीवरची ओळ मला त्या व्याख्येपेक्षा शहाणी वाटते. औषध कसं आहे यावर ती काही बोलत नाही. तिला काळजी आहे ती चमच्याची. पहिला चमचा आणि शेवटचा चमचा सारखा निघेल का? निघणार असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर हलवा.

आणि चमच्याचा विषय निघाला की पुढचा प्रश्न येतोच: केवढा चमचा?

दूध घ्या. पातेल्यातून कुठूनही चमचाभर काढा, चव तीच, रंग तोच, दाटपणा तोच. आता चमचा लहान करत जा. एका मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा केला, तर एका चमच्यात पाणी येईल आणि शेजारच्या चमच्यात निव्वळ स्निग्धांश. कॉलेजच्या पहिल्या वर्षी दुधाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. पांढरा रंग कुठेच नव्हता. बिनरंगी पाण्यात लहानमोठे पारदर्शक गोल, कुठे एकेकटे, कुठे घोळक्याने, आणि त्यातले लहान गोल सतत थरथरत होते. पांढरेपणा दुधातल्या कुठल्याच पदार्थाचा नव्हे. स्निग्धांशाच्या थेंबांवर आणि प्रथिनांच्या त्याहून बारीक कणांवर आपटून उजेड सगळ्या दिशांना विखुरतो, त्याचा तो रंग. ढग पांढरा, साबणाचा फेस पांढरा, काचेचा चुरा पांढरा, सगळ्यांचं कारण हेच. नितळ पदार्थाच्या आत सीमा फार झाल्या की तो पांढरा दिसतो.

दुधाच्या पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' असं छापलेलं असतं, त्याची मला आता गंमत वाटते. होमोजिनियस म्हणजे समांगी, तेव्हा हे समांगी केलेलं दूध. ओग्युस्त गोलँ या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये यासाठीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्राचं काम वर्णनाला सोपं: दूध प्रचंड दाबाने अगदी अरुंद फटीतून ढकलायचं. तीन-चार मायक्रॉनचे थेंब फुटून एका मायक्रॉनच्याही खाली येतात. थेंब किती वेगाने वर तरंगेल किंवा कण किती वेगाने खाली बसेल, याचं गणित जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडून ठेवलं होतं. वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो. व्यास चौथाई केला की वेग सोळाव्या हिश्शावर. शिवाय फुटलेल्या थेंबाच्या अंगावर दुधातली प्रथिनं चिकटतात, त्याने तो जडही होतो. साय वर यायला लागणारा वेळ दूध संपायला लागणाऱ्या वेळाहून जास्त झाला, की दूध 'समांगी' झालं.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने मात्र नेमकं उलटं झालेलं असतं. तेवढाच स्निग्धांश, पण थेंबांचा व्यास चौथाई, म्हणजे त्यांचा एकूण पृष्ठभाग चौपट. पाणी आणि स्निग्धांश यांच्यातली सीमा चौपट झाली. विषमांगीपणा गेला नाही, तो फक्त चमच्याला सापडणार नाही इतका बारीक दळला गेला. ज्याने हा शब्द पिशवीवर घातला त्याने चमच्याच्या बाजूने विचार केला होता. मला त्यात चूक दिसत नाही, फक्त आमच्या तक्त्यात ते दूध डावीकडे जाणार नाही.

हलवण्याचंही तसंच. औषध हलवलं की एकसारखं होतं, म्हणून हलवणं म्हणजे मिसळणं असं आपण धरून चालतो. पण मराठीत घुसळणं नावाचा एक शब्द आहे आणि तो नेमकं उलट काम करतो. साय हलवत राहा, जोरात, बराच वेळ. थेंबांभोवतीची आवरणं फाटतात, थेंब एकमेकांना चिकटतात आणि लोणी वेगळं निघतं. त्या लोण्यातही सुमारे सोळा टक्के पाणी असतंच, फक्त आता उलटापालट झालेली असते: आधी पाण्यात स्निग्धांशाचे थेंब होते, आता स्निग्धांशात पाण्याचे. कालवणं, घोळणं, खलणं, फेटणं, घुसळणं, विरघळवणं. इतके वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत आणि शाळेत मात्र आम्ही सगळ्याला 'मिसळणे' म्हणत होतो.

यातला विरघळणं हा शब्द एकटाच वेगळ्या घरातला आहे. मीठ पाण्यात घातलं की सोडियम आणि क्लोरीनचे विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं पडतं. कण असा उरतच नाही. गाळणी घ्या, कापड घ्या, गाळणकागद घ्या, मीठ पाण्याबरोबर खाली उतरतं. आणि किती ठेवलं तरी तळाशी बसत नाही. पाण्यालाही हद्द आहे: नेहमीच्या तापमानाला शंभर मिलिलिटर पाणी सुमारे ३६ ग्रॅम मीठ घेतं, साखर दोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यापुढचा दाणा तळाशी पडून राहतो. ती सदतिसाव्या ग्रॅमची चिमूट पाण्यात पडली की समांगी द्रावण आणि तळाचं मीठ मिळून जे काही होतं ते विषमांगी. एका चिमटीने रकाना बदलतो.

वाळू एका टोकाला, मीठ दुसऱ्या टोकाला. मधल्या प्रदेशाला नाव मिळायला १८६१ साल उजाडलं. थॉमस ग्रॅहम हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ पातळ पडद्यातून काय पलीकडे जातं आणि काय अडतं ते पाहत होता. मीठ, साखर पटकन पार होत. गोंद, जिलेटिन अडकून राहत. पाण्यात दोन्ही सारखेच विरघळल्यासारखे दिसत, पण वागणूक वेगळी. गोंदासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याने या अडणाऱ्यांना नाव दिलं, ज्याला आपण कलिल म्हणतो. मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनी इथे फार सुरेख शब्द उचलला. संस्कृतात कलिल म्हणजे मिसळलेलं, गहन, ज्यातून पलीकडचं धड दिसत नाही असं.

पण दिसण्याचाच तर घोटाळा आहे. काही कलिलं काचेसारखी नितळ दिसतात. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याच्या क्षारापासून माणकासारखा लाल द्रव बनवला. पाहणारा त्याला सरळ द्रावण म्हणेल. फॅरेडेने त्यातून एकवटलेला उजेड सोडला आणि बाजूने पाहिलं, तर उजेडाची वाट द्रवात उजळलेली दिसली. मिठाच्या स्वच्छ पाण्यात ती दिसत नाही. त्याने निष्कर्ष काढला की द्रवात सोन्याचे कण आहेत, फक्त डोळ्याला दिसणार नाहीत इतके लहान. पुढे जॉन टिंडलने या विखुरण्याचा नीट अभ्यास केला आणि परीक्षेत लिहायला नाव त्याचंच उरलं. खोलीत कवडसा पडतो तेव्हा हवेतली धूळ अशीच चमकते. कवडसा सरकला की तीच हवा पुन्हा स्वच्छ.

कवडशाची ही युक्ती पुढे रिचर्ड झिगमाँडीने सूक्ष्मदर्शकाला जोडली. उजेड समोरून न सोडता बाजूने सोडायचा आणि काळ्या पार्श्वभूमीवर कणांच्या ठिणग्या मोजायच्या. त्याला रसायनशास्त्राचं १९२५चं नोबेल मिळालं, आणि ते कशासाठी, तर कलिल द्रावणं विषमांगी असतात हे दाखवल्याबद्दल! आमच्या पाठ्यपुस्तकात जी एक ओळ होती ती ठरवायला एवढा खटाटोप लागला, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी तो तक्ता जरा आदराने पाठ केला असता.

फॅरेडेच्या त्या सोन्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत आणि त्यातला रंग अजून खाली बसलेला नाही. माझं औषध दिवसभरात बसत होतं. न फोडलेल्या दुधावर काही तासांत साय जमते. फॅरेडेचं सोनं दीडशेहून अधिक वर्षं तरंगतं आहे. माणसाच्या आयुष्यात ज्याचा पहिला आणि शेवटचा चमचा वेगळा निघणार नाही, त्याला विषमांगी म्हणायचं कशाच्या जोरावर? तर आत सीमा आहेत म्हणून. इथपर्यंत सोनं, इथून पुढे पाणी, अशी रेघ काढता येते म्हणून. पुस्तकात तर ही रेघ आकड्यांत दिलेली असते: एका नॅनोमीटरच्या, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागाच्या, खाली द्रावण, हजार नॅनोमीटरच्या वर निलंबन, म्हणजे माझ्या औषधासारखं तळाशी बसणारं मिश्रण, आणि मधलं कलिल. निसर्गात अशा खुणा कुणी मारून ठेवलेल्या नाहीत. ९९९ नॅनोमीटरच्या कणाला आपण कलिल झालो याची खबर नसते.

कलिल कण खाली का बसत नाहीत, याचं अर्धं कारण पाण्याच्या रेणूंच्या धडका. उरलेलं अर्धं म्हणजे विद्युतभार. गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवर सारखाच ऋणभार असतो, त्यामुळे ते एकमेकांजवळ फिरकत नाहीत. तुरटी फिरवली की तिच्यातलं तिहेरी धनभाराचं अ‍ॅल्युमिनियम हे भांडण मिटवतं, कणांचे पुंजके होतात, जड होऊन तळाशी जातात आणि पाणी निवळतं. नदी समुद्राला मिळते तिथे खारं पाणी हेच काम मोठ्या प्रमाणावर करतं; मुखाशी गाळ साचण्यात त्याचाही हात असतो.

काही गोष्टी तर माझ्या डोळ्यांदेखत रकाना बदलतात आणि मी रोज त्यांच्याकडे दुर्लक्ष करते. फरशी पुसायचं जंतुनाशक बाटलीत मधासारखं पारदर्शक असतं. पाण्यात ओतलं की बादली दुधाळ. पातळ केल्यावर एखादी गोष्ट जास्त स्वच्छ दिसावी अशी आपली अपेक्षा. इथे पाणी वाढल्यामुळेच आतलं तेल विरघळलेलं राहू शकत नाही आणि बारीक थेंबांनी बाहेर पडतं. किंवा उकळती किटली. तोटीच्या तोंडापाशी बोटभर जागा रिकामी दिसते, पांढरा लोट त्याच्यापुढे सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत आहे, हवेसारखीच अदृश्य. पांढरं दिसतं ते थंड होऊन बनलेले पाण्याचे थेंब. आणि पुढे तो लोटही विरतो, थेंब पुन्हा हवेत मिसळून जातात. दोन वीत अंतरात समांगी, विषमांगी, परत समांगी.

रक्ताचं उदाहरण मी मुद्दामच मागे ठेवलं होतं, कारण माझ्या रिपोर्टवर ईएसआर नावाची एक ओळ असते आणि ती म्हणजे दुसरं काही नसून बाटली न हलवण्याची चाचणी. रक्त उभ्या नळीत तासभर ठेवायचं आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. अंगात हृदय सतत हलवत असतं, म्हणून तिथे चमचा कुठूनही भरला तरी चालतो.

हवेच्या बाबतीत मात्र मी तक्त्याशी एकमत होते. हवेत सीमा नाहीत, थेंब नाहीत. धूळ वगळली तर हवा अस्सल समांगी. आणि अस्सल समांगी मिश्रणाचा एक दुर्गुण मला हवेच्याच गोष्टीत सापडला. लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरायचा, रासायनिक संयुगांतून काढलेला १.२५०५ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. प्रयोगातली चूक म्हणून सोडून द्यायला अगदी सोयीचा. त्यांनी सोडला नाही. विल्यम रॅमसे यांच्याबरोबर १८९४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हवेत आणखी एक वायू आहे. तो अरगॉन. हवेतलं त्याचं प्रमाण ०.९३ टक्के, म्हणजे आपण हाताळतो त्या प्रत्येक रिकाम्या भांड्यात तो होता. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने हवेतला नायट्रोजन संपवत आणला तेव्हा त्याच्याकडेही एक हट्टी बुडबुडा उरला होता, मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या हिश्शाहून मोठा नाही असं त्याने नोंदवूनही ठेवलं. त्यापुढे शंभर वर्षं कुणी त्या बुडबुड्याकडे वळून पाहिलं नाही.

विषमांगी मिश्रण कधी ना कधी कबुली देतं. तळाशी थर बसतो, वर साय येते, उजेडात कण चमकतात. समांगी मिश्रण सगळीकडे एकच जबानी देतं. हवेचा चमचा कुठूनही भरा, डोंगरावरून, समुद्रावरून, प्रयोगशाळेतून, नायट्रोजन तितकाच जड भरणार आणि तितकाच चुकीचा. तुलनेला दुसरीकडून आणलेला नायट्रोजन नसता, तर हवेने हे कधीच कळू दिलं नसतं.

पण मग अरगॉन खाली का बसत नाही? नायट्रोजनच्या रेणूचं वजन २८, अरगॉनचं ४०, कार्बन डायऑक्साइडचं ४४. माझ्या औषधाच्या न्यायाने आपण सगळे अरगॉनच्या साक्यात बुडालेलो असायला हवे होतो. रेणूंची स्वतःची धावपळ एवढी असते की त्यांना खाली खेचून ठेवणं गुरुत्वाला जड जातं. झाँ पेराँने १९०८ च्या सुमारास पाण्यातल्या राळेच्या सूक्ष्म कणांवर नेमकं हेच मोजलं. उंचीबरोबर हवा विरळ होत जाते त्याच नियमाने त्याचे कण विरळ होत होते. हवेला त्यासाठी किलोमीटर लागतात, त्याच्या कणांना मिलिमीटरचे काही शतांश पुरले. एवढ्याने पुरती समांगी हवा मिळत नाही मात्र. जड वायू थोडे तरी खाली सरकायला हवेत. ते सरकत नाहीत, कारण वारा आणि तापलेल्या हवेचे प्रवाह सगळं पुन्हा पुन्हा ढवळत असतात. सुमारे शंभर किलोमीटरच्या वर हे ढवळणं कमी पडतं आणि वायू खरोखरच वजनाप्रमाणे वेगळे होऊ लागतात, हलके सर्वांत वर. खालच्या भागाला शास्त्रज्ञ होमोस्फिअर म्हणतात, वरच्याला हेटरोस्फिअर. माझ्या तक्त्याचे दोन रकाने आकाशात एकावर एक रचलेले आहेत, हे मला पदवी घेऊन कितीतरी वर्षांनी कळलं. आपण राहतो तो खालचा मजला म्हणजे कायम हलवत ठेवलेली बाटली.

हे सगळं डोक्यात घोळत असताना एका रात्री मी स्वयंपाकघरातले दिवे मालवले आणि लेझर पॉइंटर घेऊन बसले. नळाच्या पाण्याच्या ग्लासात लाल रेघ स्पष्ट दिसली. दुधाचा एक थेंब टाकला तर रेघ इतकी जाड झाली की ग्लासच पेटल्यासारखा वाटला. दुसरा ग्लास इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याचा. तिथे रेघ असणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. डोळे अंधाराला सरावल्यावर दिसली, अगदी पुसट.

माझ्या पाण्यातली ती रेघ बहुधा धुळीचीच असणार. पण अगदी शेवटचा धूलिकण काढला तरी ती पुरती जात नाही. रेणू सतत धावत असतात, त्यामुळे कुठल्याही क्षणी एखाद्या अतिसूक्ष्म जागी ते किंचित जास्त असतात, शेजारी किंचित कमी. १९०८ मध्ये स्मोलुचोव्हस्कीने आणि १९१० मध्ये आइन्स्टाइनने या चढउतारांनी उजेड कसा विखुरतो याचा हिशेब मांडला. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन युरोपहून बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं नुसतं प्रतिबिंब, हे तेव्हाचं स्पष्टीकरण त्यांना पटेना. पाण्याचे रेणू स्वतःच उजेड विखुरतात हे त्यांनी मांडलं. पाणी तांबडा उजेड शोषून घेतं, हे दुसरं कारणही त्या निळ्यात असतं. पण विखुरण्याच्या त्या धाग्यावरूनच ते १९२८च्या आपल्या शोधापर्यंत पोचले.

म्हणजे ज्यात दुसरा पदार्थच नाही असं पाणीसुद्धा पुरेशा लहान चमच्याने मोजलं तर जागोजाग वेगळं भरतं. मी पॉइंटर ग्लासाच्या या बाजूने, त्या बाजूने, तिरपा धरून पाहिला. पुसट रेघ प्रत्येक वेळी होती. मग कुणीतरी पाणी प्यायला आलं आणि दिवा लागला, आणि ग्लासातून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर तारखांसकट दिसायला लागलं.